बसतंय आणि बसवलंय

कोणताही भाग जोडून झाला की आमचे मिस्त्री त्यावर तळहात ठेवत, क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "बसतंय." तपासणी अधिकारी मी होतो; तरीही तो शब्द कानांवर पडल्याखेरीज मी सहीसाठी पेन उघडत नसे.

गेल्या महिन्यात पलूसला त्यांच्या शोकसभेत एका वक्त्याने सांगितले की, राष्ट्रपतींचे विमान मिस्त्रींनी एकट्याने घडवले आणि त्यातून ते उडालेही. औंधला, त्यांच्या सासरवाडीत, लोक सांगतात त्या गोष्टीत तर ते त्यांनी घटकाभर चालवलेसुद्धा. मला हे मान्य नाही. एका प्रवासी विमानाला राष्ट्रपतींसाठी नवे रूप देणाऱ्या त्या कारखान्यात आपल्या भागातले आम्ही दोघेच होतो. मी पाटणचा, ते पलूसचे. जे घडले ते मी पाहिले आहे, आणि ते या दंतकथांहून मोठे आहे.

तीस वर्षे विमाने जोडणारा हा माणूस एकदाही विमानात बसून उडाला नव्हता. म्हणून चाचणी उड्डाणाच्या यादीत मी त्यांचे नाव घातले. त्यांनी नवा सदरा शिवला. कॅन्टीनमध्ये भेटेल त्याला सांगत, "सायबानं खिडकीजवळची जागा दिलीया." उड्डाण बुधवारी होते, त्यांची निवृत्ती शुक्रवारी.

मंगळवारी राष्ट्रपतींची खुर्ची विमानाच्या तळावरील धातूच्या पट्टीत बसवली. मापे अचूक आली, म्हणून त्या दिवशी मी त्यांच्या शब्दाआधीच सही केली. मिस्त्रींनी तळहात ठेवला, डोळे मिटले आणि हात काढून घेतला.

"काय झाले?"

"बसतंय न्हाई, सायेब. बसवलंय."

"माप बरोबर आहे, मिस्त्री."

"माप बरोबर हाय, तर चौथ्या बोल्टाला हातोडी कशाला लागली?"

पट्टी उखडायची म्हणजे आठवडा जाणार, हे दोघांनाही ठाऊक होते. मी त्यांना बाजूला घेतले. "शुक्रवारनंतर यादीत तुमचे नाव राहणार नाही. उद्या उडून घ्या, मग उघडू."

"आवं, हौस माझी, खुर्ची दुसऱ्याची." मग जरासे हसले. "तुमी पाटणची माणसं. पावसानं फुगल्यालं दार बी लाथ घालून लावता. तुमाला काय सांगायचं?"

वरिष्ठांनी मला सही खोडायला लावली, असेही सभेत सांगितले गेले. ते खोटे आहे. मी ती स्वतः खोडली, सर्वांसमक्ष. पट्टी उचलली तेव्हा खाली पत्र्याचा नखाएवढा तुकडा निघाला. त्याने विमान पडले असते असे मी म्हणणार नाही. तसले बोलणे वक्त्यांना शोभते. पट्टी मात्र कधीतरी तडकली असती.

उड्डाण पुढच्या गुरुवारी झाले. खिडकीजवळची ती जागा मी कोणाला घेऊ दिली नाही. रिकाम्या आसनाचा पट्टा मीच आवळला.

उतरलो तेव्हा मिस्त्री फाटकाबाहेर ट्रंकेवर बसले होते. क्वार्टर सोडूनही ते गावी गेले नव्हते. वरून जमीन कशी दिसते, ढग कसे दिसतात, हे सांगण्याची मी मनात जुळवाजुळव करून आलो होतो. त्यांनी ते विचारलेच नाही.

"खुर्ची वाजली का?"

"नाही."

"मग झालं."

त्यांनी ट्रंक खांद्यावर घेतली आणि ते स्टेशनच्या रस्त्याला लागले. सांगलीच्या गाडीला अजून तीन तास अवकाश होता.