बाराचा भोंगा

निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून टोकू नये, हे मराठी मुलखात सगळ्यांनाच ठाऊक असतं; मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात ते जरा जास्तच ठाऊक असतं. गोंडपिपरीकडच्या एका गावात मिथुन सात वर्षांचा असताना त्याचे वडील इस्तारी खांद्यावर जाळं टाकून निघाले होते आणि पोरानं अंगणातून हाक दिली, "बा, कुठी चालला?" इस्तारी क्षणभर थबकले, तसेच पुढे गेले, आणि परतले ते पाण्यातल्या खुंटाला अडकून उभं फाटलेलं जाळं घेऊन. आई गोकुळानं त्या दिवशी पोराला मारलं नाही, फक्त त्याच्याशी बोलली नाही. मारलं असतं तर मिथुन चार दिवसांत विसरला असता. ती बोलली नाही, म्हणून ते त्याच्या हाडात जाऊन बसलं.

आता मिथुन चौतीस वर्षांचा आहे, आणि एवढ्या वर्षांत त्यानं कुणालाही 'कुठे' विचारलेलं नाही. बल्लारपुरात खोलीवर सोबत राहणारा सुनिल एक दिवस पेटी बांधून निघाला, तेव्हा मिथुननं पेटी ऑटोत चढवून दिली, दोरी नीट आवळली आणि हात हलवला. सुनिलला वाटलं, याला आपलं काही पडलेलंच नाही. तो रुसला तो रुसलाच. मुलगी पाहायला गेला तर तिनंच विचारलं, "तुमाले काई विचारायचं हाय का?" यानं मान हलवली, नाही. ते लग्न कसं जमणार? तोंडात मूग धरून बसणाऱ्याला लोक गर्विष्ठ समजतात, आणि समजावून सांगायचं तर पुन्हा तोंडच उघडावं लागतं.

काम त्याला स्वभावाला साजेसंच मिळालं. कोळशाच्या खाणीत साचणारं पाणी उपसायच्या पंपावर दुपारी चार ते रात्री बारा, एकट्यानं बसायचं. मासे धरणाऱ्याचा पोरगा पाणी फेकायच्या धंद्याला लागला म्हणून गावात थट्टा झाली. मिथुनला ती थट्टाही गोड लागली, कारण निदान चार माणसं त्याच्याबद्दल बोलली तरी. सकाळ मात्र त्याला खायला उठायची. आठ वाजता उठावं, खिचडी टाकावी, आणि मग दुपारपर्यंत भिंतीकडे बघत बसावं.

खाणीतल्या एका इंजिनियरची बदली झाली, तेव्हा त्याचा गेम खेळायचा कन्सोल मिथुननं अर्ध्या किमतीत घेतला. सुरुवातीला तो फुकटच्या खात्यावर खेळला. फुकटात दोन-तीन गोळीबाराचे खेळ नेटवर खेळता येतात. तिथे शंभर जण एकदम उतरतात, कुठली तरी पोरं कानात आईबहिणीवरून शिव्या घालतात आणि दोन मिनिटांत तुम्ही मेलेले असता. गर्दीत माणूस आणखी एकटा पडतो हे मिथुनला तिथे कळलं. मग त्यानं वर्षाचे पैसे भरून सभासदत्व घेतलं, कारण जोडीजोडीनं खेळायचे चांगले खेळ पैसे भरणाऱ्यालाच उघडतात. त्यातला एक त्याला आवडला. चिखलातून, ओढ्यातून लाकडाचे ट्रक काढायचे, आणि एकाचा ट्रक फसला की दुसऱ्यानं दोर लावून ओढायचा. बस, एवढंच.

पहिल्याच सकाळी त्याचा ट्रक ओढ्यात कमरेपर्यंत गेला. सोबतचे दोघं इंग्रजीत हसून निघून गेले. तेवढ्यात मागून 'आचल_०९' अशा नावाचा एक ट्रक हळूहळू आला आणि कानात एक म्हातारा, खोकणारा आवाज बोलला, "थांब बे, हालू नको. काऊन रेस देऊन राह्यला? आखीन फसशील."

मिथुन इतका दचकला की त्याच्या हातातून रिमोट पडला. साऱ्या जगाच्या मेळ्यात कुणीतरी आपल्या बोलीत आपल्यावर खेकसलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी दहा ते बारा ते दोघं खेळू लागले. खातं नातीचं होतं, तिचं नाव आचल. ती नोकरीला दूर गेली आणि हा डब्बा, त्याचं वर्षभराचं सभासदत्व आणि कानाला लावायचे हेडफोन आजोबाला देऊन गेली. आजोबा जन्मभर सागवानाचा ट्रक चालवलेले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर लायसन गेलं, ते आता इथे चालवायचे. मिथुन त्यांना 'भाऊ' म्हणायचा. खरं नाव त्यानं विचारलं नाही, त्यांनीही याचं विचारलं नाही. ते याला 'पोट्ट्या' म्हणायचे. चौतीस वर्षांच्या माणसाला कुणी पोट्ट्या म्हणावं, याचं सुख ज्याला कुणी म्हणत नाही त्यालाच कळेल.

"भामरागडच्या रस्त्यानं असाच फसलो होतो मी," भाऊ सांगायचे. "पर्लकोटा नदीले पूर. तीन दिवस गाडीतच. सुकलू किलिंडर होता संग, त्यानं बांबूचे वास्ते, कोवळे कोंब, शिजवले. तू डावीकडून घे, डावीकडून."

आलापल्ली, सिरोंचा, अहेरी, सगळे रस्ते त्यांच्या तोंडी. त्यामुळे भाऊ तिकडेच जंगलात कुठेतरी राहतात, असं मिथुननं मनाशी ठरवून टाकलं. पावसाळ्यात दोन-चार दिवस ते दिसले नाहीत की हा म्हणायचा, रस्ते बंद झाले असतील, टॉवर गेला असेल. भाऊंच्या बाजूचे आवाजही त्याला पाठ झाले होते. एक हापशी होती, तिचा दांडा तिसऱ्यांदा खाली गेला की ती किंचाळायची. एक बाई रोज कुठल्याशा राणीला हाका मारायची आणि मग बकरी ओरडायची, म्हणजे राणी कोण ते कळायचं. बारा वाजता बल्लारपुरातला कारखान्याचा भोंगा वाजायचा. भोंगा झाला की भाऊ म्हणायचे, "चाल, निंघतो मी." आणि ट्रक बाजूला लावून जायचे.

एप्रिलात एका सकाळी भाऊ म्हणाले, "पोट्ट्या, माह्या पडद्यावर काईतरी लिवून येते. शेजारच्या पोराकून वाचून घेतलं. दहा दिवसानं हे बंद होते म्हणे."

आचलनं भरलेलं वर्ष संपत आलं होतं. मिथुनला सगळं एका क्षणात कळलं. फुकटच्या खात्यावर नाव यादीत राहतं, हिरवा ठिपका दिसतो, लिहून निरोप धाडता येतो. पण जोडीचा खेळ बंद, आणि त्या खेळातच त्यांचं बोलणं होतं. भाऊंना ती बारीक अक्षरं वाचता येत नव्हती आणि रिमोटनं लिहिणं तर दूरच. दहा दिवसांत पत्ता नाही विचारला तर हा माणूस गेला.

"तुमी पैसे भरा ना परत," तो कसाबसा म्हणाला.

"ते आचलच्या कारडावर होतं. पोरीले काऊन मागू? तिचा तिले खर्च हाय."

मिथुननं दहा दिवसांचा हिशोब बोटांवर धरला. शेवटचा दिवस रविवार. रोज सकाळी तो ठरवायचा, आज विचारू. रोज वाक्य जिभेवर यायचं, आणि रोज भोंगा व्हायचा. भाऊंचं 'निंघतो मी' आलं की त्याच्या तोंडाला कुलूप. सुरुवातीलाच का विचारलं नाही, असं तुम्ही म्हणाल. सुरुवातीला त्याला वाटायचं, अजून वेळ आहे. भित्र्या माणसाला वेळ नेहमीच असतो.

शनिवारी त्याच्या हेडफोनचा डावा कान बिघडला. उजव्या कानानंच खेळायला बसला. बारा वाजले, आणि उघड्या डाव्या कानात, खिडकीतून, भोंगा आला. त्यामागून एक श्वासभर उशिरानं उजव्या कानात, हेडफोनमधून, तोच भोंगा पुन्हा आला.

मिथुन रिमोट धरून तसाच राहिला. वर्षभर रोज तो भोंगा त्यानं दोन्ही कान झाकून ऐकला होता आणि तो आपल्याच खिडकीतून येतो असं समजून बसला होता. तो भाऊंच्याही खिडकीतून येत होता. भाऊ भामरागडला नव्हते, अहेरीला नव्हते. ते इथे होते, बल्लारपुरात, याच भोंग्याच्या हद्दीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातला वळसाही यानं कधी घातला नव्हता.

"भाऊ," तो म्हणाला.

"चाल, निंघतो मी," भाऊ तोवर म्हणून चुकले होते. मग, रोजच्यासारखे न जाता, ते जरा थांबले. मिथुनला त्यांचा श्वास ऐकू येत होता. एवढा वेळ ते कधी थांबले नव्हते. "काई म्हणतं का बे?"

निघालेला माणूस. मिथुनच्या डोळ्यांसमोर फाटलेलं जाळं आलं. उद्या, खेळ सुरू व्हायच्या आत, निघण्याच्या कितीतरी आधी विचारू. "काई नाई भाऊ," तो म्हणाला, "उद्या बोलू."

रविवारी दहा वाजता भाऊंचं नाव हिरवं झालं, पण ट्रक आला नाही. दोघांनी दहावा दिवस धरून मोजलं होतं. कंपनीनं तो धरला नव्हता; भाऊंचं सभासदत्व शनिवारीच संपलं होतं. मिथुननं निरोप लिहिला: भाऊ, मी इथंच आहे, बल्लारपुरात. नंबर लिहिला. वर्षाचं सभासदत्व स्वतः विकत घेऊन त्याचा बारा अक्षरांचा कोडही पाठवला. तो भाऊंनी एकेक अक्षर वाचून भरायचा होता. निरोपाखाली 'वाचला' असं उमटलं नाही. हिरवा ठिपका वीस मिनिटं तसाच राहिला. बंद दारासमोर म्हातारा माणूस बसून राहावा तसा तो दिसत होता, आणि मिथुन रडला. मग ठिपका करडा झाला.

दुसऱ्या दिवशीपासून मिथुन गाडी घेऊन गल्ल्या फिरू लागला. चेहरा माहीत नाही, नाव माहीत नाही, तर शोधणार काय? तो हापशा शोधायचा. जिथे दिसेल तिथे उभं राहून तीन दांडे हलेपर्यंत ऐकायचा. बाया संशयानं बघायच्या. एका गल्लीत तर त्याला कुणीतरी हापशी दुरुस्त करायला आलेला माणूस समजलं आणि तासभर तक्रारी ऐकवल्या. भर मे महिना, चंद्रपूरचं ऊन. या उन्हात कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. दुपारी कामावर जायचं म्हणून सकाळीच जेवढं होईल तेवढं. सहा आठवडे गेले.

मग एका सकाळी, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या दांड्याला ती हापशी किंचाळली. पाणी भरणारी म्हातारी मागे वळून ओरडली, "राणी, ये इकडं." कुंपणातून काळी बकरी आली. मिथुननं गावाच्या लांबच्या टोकापासून सुरुवात केली होती; त्याच्या खोलीपासून ही गल्ली चालत सात-आठ मिनिटांवर होती.

"बाई," त्यानं विचारलं, "इथी एक भाऊ राह्यते ना, टरक चालवत होते ते?"

म्हातारीचं नाव बायनाबाई. तिनं शेजारच्या दाराकडे पाहिलं. दाराला कुलूप होतं. "हरिदासभाऊ? त्याले तर पोरगी घेऊन गेली. पंधरा दिवस झाले. एकट्याचं होत नव्हतं त्याचं."

हरिदास. वर्षभरानं त्याला ते नाव कळलं.

"त्याईचा फोन?"

"फोन ठेवलाच नाई त्यानं. कानानं ऐकूच नाई ये. ते मोठ्ठे डब्बे कानाले लावले का मंगच ऐके, म्हून त्या टीवीसमोर बसून राहे." तिनं घागर खाली ठेवली आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "तू तो टीवीतला पोट्टा तर नाई?"

मिथुननं हो म्हणून मान हलवली.

"लय आठवण काढे तुही. म्हणे, बायना, थो कधी विचारतच नाई व, कुठी राह्यता म्हून. एक दिवस विचारन, मंग त्याले जेवाले बलावतो. आपून होऊन सांगावं, त थो म्हणन म्हातारा गळ्यात पडून राह्यला."

मिथुन हापशीचा दांडा धरून उभा होता.  मग चौतीस वर्षांच्या त्या माणसानं, सात वर्षांचा असताना विचारलं होतं त्यानंतर पहिल्यांदा, तो शब्द उच्चारला.

"कुठी गेले ते, बाई?"

"जावई बदलीवाला. आता बदली कुठी झाली, थे मले नाई ठावं." बायनाबाई जरा ओशाळली. "मी इथीच उभी होती, तो गाडीत बसला तवा. लय वाटलं विचारावं. पण निंघालेल्या माणसाले कुठी म्हून टोकते का कोणी?"

तिनं त्याला पाणी दिलं. तो कुलपासमोरच्या पायरीवर बसून प्याला. बकरी येऊन त्याच्या चपलेशी हुंगत राहिली. बारा वाजले आणि कारखान्याचा भोंगा झाला. मिथुन कान देऊन ऐकत राहिला. भोंगा एकदाच वाजला.