हरभऱ्यातली फासकी

नातवंडांनो, मागच्या हिवाळ्यात व्हिडिओ कॉलवर माझ्या अंगठ्याची पट्टी पाहून तुम्ही विचारलं होतं, आणि मी "तारेनं कापलं" एवढंच सांगून विषय बदलला होता. ती तार फासकीची होती. फासकी म्हणजे ससा धरायचा फास. या वयात मी तो लावायला शिकले, त्याची ही हकीकत.

तुमचे धाकटे आजोबा गेल्यानंतरचा तो पहिलाच रब्बी हंगाम. धाकट्या आजीने, म्हणजे माझ्या जावेने, माळाला लागून असलेल्या काळ्या रानात स्वतः उभं राहून हरभरा पेरून घेतला होता. तिच्या मुलाला, तुमच्या पुण्याच्या काकाला, ते पसंत नव्हतं. रान वाट्याने द्यावं आणि आईने पुण्याला यावं, असं त्याचं म्हणणं. बरीच घासाघीस होऊन ठरलं, की येळवशीला, म्हणजे शेतात जेवण घेऊन जायच्या अमावास्येला, तो गावी येईल आणि पीक बघेल. पीक नीट असेल तर ती राहील, नाहीतर बॅग भरेल. पुण्यात सातव्या मजल्यावर तिने एकदा काही दिवस काढले होते. "आक्का, तितं सकाळी उठून जायचं कुटं?" एवढंच ती त्याबद्दल बोलायची. मी सोलापूरचं घर बंद करून तिच्या सोबतीला गेले ती यासाठीच.

हरभरा वीतभर झाला आणि माळाकडच्या ओळींचे शेंडे रोज सकाळी खाल्लेले दिसू लागले. जवळच वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या.

"ससं हाय," जाऊ म्हणाली.

आम्ही जुन्या साड्यांचं कुंपण घातलं. माझं एक चांगलं इरकली लुगडंही त्यात गेलं. ससे खालून येत राहिले. ती रोज बांधावर उभी राहायची आणि खाल्लेल्या ओळी मोजायची. मग एका दुपारी तिने माळ्यावरून मोटारसायकलच्या जुन्या क्लचच्या तारा काढल्या.

"ह्ये हुते तवा लावायचे फासकी. मी नुसती बगायची. आता बगितलेलं किती ध्यानात हाय ते कळंल."

ससा धरायलाही कायद्याने बंदी आहे, हे मी तिला लगेच सांगितलं.

"मग कायद्याला सांगा की हितं राखणीला बसायला."

"आणि धरल्यावर मारणार?"

"छ्या! ह्ये गेल्यापास्नं घरात मटनाचं कालवण शिजलं न्हाय. धरायचा, पोत्यात घालायचा, पार तळ्यापल्याड सोडून यायचा."

तारेचा फास आवळून गळा दाबला जाऊ नये म्हणून तिने मध्ये एक गाठ मारली. तशी गाठ असलेला फास कधी तिने पाहिला नव्हता. तिची ती स्वतःचीच युक्ती. मग मी मदतीला बसले.

ससा रोज एकाच वाटेने येतो. बांधावरच्या गवतात त्याची ये-जा करून चिंचोळी फट पडलेली असते, तिथेच फास उभा करायचा. पहिल्या फटीजवळ फास बांधायची खुंटी जाऊने ठोकली. दुसरी फट मी घेतली. गवताच्या काड्या, काटक्या, पाचोळा फासात अडकेल म्हणून मी ती जागा हाताने साफ केली, धूळ उडू नये म्हणून तांब्यातलं पाणी शिंपडलं, आणि तार सरळ करताना अंगठा कापून घेतला. जाऊ बघायला आली आणि बांधावरच बसली. हसू आवरेना तिला.

"आवं आक्का, सडा घातलाव व्हय! आता रांगोळी बी काढा की. ससा म्हणंल, आज हितं कुणाचं तरी लगीन हाय, आपल्याला न्हाय बोलावलं, चला माघारी!"

"घाणीत कसं लावायचं मग?"

"घाण न्हवं ती. त्याचं घर हाय. काल जसं हुतं तसंच दिसाय पायजे."

ते माझ्या हाताला जमेना. पडलेली काडी उचलून टाकायची सवय आयुष्यभराची. मी पाचोळा परत टाकला, तर तोही एकसारखा पसरून ठेवला. तिने फुंकर मारून विस्कटला. अशी विस्कटायची शिकवणी बरेच दिवस चालली. येळवस जवळ येत होती आणि ओळी तुटत होत्या. तिचं हसणंही कमी झालं. एकदा भाकरी थापताना ती मध्येच म्हणाली, "पुण्याच्या बाल्कनीत मेथी येती का वो?"

मग एका सकाळी माझ्याच फासकीत ससा होता. पोटाभोवती तार, अंग जमिनीला चिकटवून बसलेला. आम्ही जवळ गेलो तसा तो तान्ह्या पोरासारखा ओरडला. जाऊने डोक्यावरचा पदर सोडून त्याच्यावर टाकला, मांडीत घट्ट धरला आणि तार सोडवायला पोटाखाली हात घातला. तिथेच तिचा हात थांबला.

"आक्का, दूद हाय हिला."

"म्हणजे पिल्लं इथेच कुठेतरी..."

"असतील की गवतात. हिला तळ्यापल्याड नेली तर त्यांनी काय करायचं?"

पोतं बांधावर पडलं होतं. येळवस तोंडावर होती, आणि हरभरा तिचा होता. तिने पदर उचलला. सशीण क्षणभर तशीच बसली, मग हरभऱ्यातूनच उड्या मारत गेली.

"आता?" मी विचारलं.

"आता काय. खाईल तेवढं खाईल." त्या दिवशी तिने सगळ्या फासक्या काढल्या आणि भाकरी केल्या.

येळवशीला काका आला. भज्जी, म्हणजे हिरव्या दाण्यांची नि पालेभाज्यांची मिसळीची भाजी, आंबील, बाजरीचे उकडलेले उंडे असं सगळं घेऊन आम्ही रानात गेलो. तो जेवणाआधी एकटाच बांधाने फिरायला निघाला. जाऊ ताटं मांडत होती, पण एकाच ताटात तिने दोनदा मीठ वाढलं. माळाकडच्या कडेला तो बराच वेळ वाकून बघत होता. काही झाडं अगदी बुडातून गेली होती, तिथे उघडी माती दिसत होती. बाकीची, शेंडा गेल्यामुळे, चारी बाजूंनी फुटून घुमटासारखी झाली होती. हरभऱ्याचे शेंडे मुद्दाम खुडतात ते याचसाठी, फांद्या जास्त फुटाव्यात म्हणून. आमच्या काळजीत ते आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

"आई, तिकडची कड मधल्यापेक्षा दाट झालीय. खुडणी कुणाकडून करून घेतलीस?"

जाऊने माझ्याकडे बघितलं. मी आंबील ढवळत राहिले.

"हाय की एक बाई माळाकडली. लेकुरवाळी."

"काय घेतलं तिनं?"

"काय न्हाय. पाल्यावर केलं."

"पण काही ठिकाणी मुळासकट खाल्ल्यासारखं दिसतंय. बाईनं खुडलं का जनावरानं?"

"तिला अजून हात बसायचाय रं. पुढल्या साली शिकंल."

तो हसला. त्याला कितपत कळलं, ते मला आजही माहीत नाही. जेवायला बसल्यावर त्याने उंडा मोडला, घास घेतला आणि म्हणाला, "पुढल्या साली म्हणजे तू पुण्याला यायची नाहीसच."

"येते की. हरभऱ्याची रास झाली की येते चार दिस." तिने त्याच्या ताटात भज्जी वाढली. "माघारी कवा सोडतोस तेवढं आदी सांग."