तवा तापत राहिला

आमच्या घरातला पोपट हिरवा नव्हता. करडा, डोक्यावर पिवळा तुरा, दोन्ही गालांवर नारिंगी ठिपके. दुकानदार त्याला कॉकटील म्हणाला होता; आम्ही पोपटच म्हणत आलो. आई गेल्यावर घर फार गप्प झालं म्हणून मी तो गोराईला आणला. पप्पांना ते पटलं नव्हतं. चार दिवस त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी मी कामावरून आले तर ते स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलेल्या पिंजऱ्यापाशी उभं राहून त्याला शीळ शिकवत होते.

त्या रविवारी सकाळी चर्चमधल्या मिसाहून परतल्यावर मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. पप्पांनी ऑम्लेटसाठी तवा ठेवला आणि तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी हाक मारली म्हणून ते बाहेर गेले. होडीच्या इंजिनाची काहीतरी गोष्ट निघाली आणि ते तिथेच रमले. मी आत आले तेव्हा स्वयंपाकघरात पातळसा धूर होता, जळकट वासही फारसा नव्हता. कोरडा नॉन-स्टिक तवा मोठ्या आचेवर होता. मी गॅस बंद केला, तवा मोरीत ठेवला आणि अंडी काढायला वळले.

पोपट दांडीवर नव्हता. तो पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता, पंख अर्धे पसरलेले, चोच उघडी. प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी खालीवर होत होती. मी हात आत घातला तर नेहमीसारखा चावलाही नाही. हातात आला तो एखाद्या ओल्या रुमालासारखा.

मी खाडीपलीकडे बोरिवलीच्या पक्ष्यांच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. पाणी पाजू नका, हवा लागेल अशा खोक्यात ठेवा आणि लगेच निघा, एवढंच त्या म्हणाल्या. बुटांच्या खोक्याला पप्पांनी सुरीने भोकं पाडली. घाईत सुरी निसटली आणि एक भोक मुठीएवढं झालं. त्यातून पोपटाचा तुरा दिसत होता.

जेट्टीवर बोट भरायची वाट बघत उभी होती. पप्पांनी नावाड्याच्या कानात काही सांगितलं आणि त्याने आठ-दहा माणसांवरच दोर सोडला. मी इंजिनापाशी बसायला गेले तर तो म्हणाला, पुढे जा, इथे धूर लागेल. पुढे वारा होता. मी खोक्यावर वाकून श्वास मोजत होते आणि प्रत्येक वेळी आकडा चुकत होता. हृदयविकार असेल, असं मी पप्पांना म्हणाले.

डॉक्टरबाईंनी त्याला काचेच्या पेटीत ठेवून प्राणवायूची नळी जोडली आणि मगच माझ्याकडे पाहिलं.

"घरात नॉन-स्टिकचं काही भांडं जास्त तापलं का आज?"

"नाही," मी म्हणाले. अगदी ठामपणे म्हणाले.

"तवा होता," मागून पप्पा म्हणाले. "मी ठेवला होता."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. तो गॅस मी माझ्या हाताने बंद केला होता, तवा मी उचलला होता, आणि तरीही माझ्या तोंडून 'नाही' निघालं होतं. बाईंनी समजावलं: कोरडा तवा फार तापला की त्याच्या थरातून वायू निघतो. माणसाला तो जाणवतही नाही, पक्ष्याची फुप्फुसं मात्र त्याने भरून येतात. पुष्कळ पक्षी दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचत नाहीत. उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही.

तो तवा मीच आणला होता. पप्पांना तेल कमी लागावं म्हणून.

बाहेरच्या बाकावर पप्पा गुडघ्यांवर हात ठेवून बसले. मी म्हटलं, तुम्हाला कुठे माहीत होतं, मलाही नव्हतं.

"तुझी आई गेली तेव्हा मी समुद्रावर होतो," ते म्हणाले. "आज तर घरातच होतो गं."

दोन वर्षांत आईच्या त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदा बोलले होते. मी त्यांच्याजवळ सरकून बसले. आत एका कुत्र्याला इंजेक्शन देत होते, तो ओरडत होता, आणि आम्ही दोघं त्याच्यापलीकडे पेटीतून काही आवाज येतो का ते ऐकत होतो.

पोपट वाचला. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला घरी आणलं. श्वासाला बारीक घरघर राहिली आहे, आणि शीळ घालायला जातो तेव्हा नुसती हवा येते. पप्पा रोज त्याच्यासमोर बसतात, पण आता शीळ घालत नाहीत. त्याला दम लागेल म्हणतात. पिंजरा पुढच्या खोलीत हलवला आहे.

शेजारच्या मावशींकडे लव्हबर्डची जोडी आहे. मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. आत जाऊन त्यांनी आपला काळा गुळगुळीत तवा आणला आणि दारात उभ्या राहून तो उलटासुलटा करून पाहिला.

"मग आता तांदळाचे पोळे कशावर घालू?" त्यांनी विचारलं.

पप्पा माळ्यावर चढले आणि आईचा बिडाचा तवा काढून त्यांना देऊन आले.