चारशे बारावं पान

तेव्हा ऑफिसात आम्ही तिघंच होतो. वकीलबाई, त्यांचे टायपिस्ट, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, आणि मी, केर-लादी करणारी.

कल्याणच्या कोर्टाजवळ बाईंचं ऑफिस. आमचे हे गेल्यावर मी तिथे कामाला लागलेले. शहाडला चाळीत आमची भाड्याची एक खोली. बहिणीला लकवा झाला म्हणून आठ महिने खडवलीला तिच्या उशाशी होते. परत आले तर घरमालकाने दावा लावलेला, म्हातारी खोली सोडून गेली म्हणून. रडून काय होणार? लादी पुसत राहिले. बाई आपणहून म्हणाल्या, "मावशी, तुमची केस मी लढते. फी रोजचा चहा."

कोर्टात लिहून द्यायचं तर जुन्या निकालांचे दाखले लागतात. कुठल्या वर्षाचं पुस्तक, कितवं पान, सगळं लिहायचं. त्या पानात कागदाची पट्टी घालायचं काम या वेळी पहिल्यांदाच माझ्याकडे आलेलं. मी चौथी शिकलेली. इंग्रजी येत नाही, आकडे येतात.

माझ्या केसचा मोठा दाखला चारशे बाराव्या पानावर. पुस्तक काढलं, तर ते तीनशे अठ्ठ्याऐंशीलाच संपलेलं.

"बाई, पान नाही."

"फाटलं असेल, नीट बघा."

"फाटलं नाही. पुठ्ठाच आला."

भाऊ हसले. "आता मावशी आपल्याला वकिली शिकवणार!"

"शिकवते की. तुम्ही आधी पुस्तकं जागेवर ठेवायला शिका."

बाईंनी स्वतः बघितलं आणि खाली बसल्याच. तो दाखला त्यांच्या गुरूंच्या कागदातला. भाऊ एका केसमधून दुसऱ्या केसमध्ये उतरवायचे, बाई सही करायच्या. इतकी वर्षं पुस्तक कोणी उघडलंच नव्हतं.

"समोरच्या वकिलाने हे धरलं असतं ना मावशी, तर आपलं खरंही खोटं वाटलं असतं. खोली गेली असती."

मग तिघांनी कपाटं उपसली. पुढच्या वर्षाच्या पुस्तकात सापडलं. वर्षच चुकीचं टाइप झालेलं. बाईंनी निकाल शेवटपर्यंत वाचला, मला मराठीत सांगितला. तो भाडेकरूही आजाऱ्यापाशी गेलेला, पण सामान खोलीतच होतं, म्हणून खोली राहिली. माझीही भांडी, गोधड्या खोलीतच होत्या. ते आमच्या कागदात लिहिलंच नव्हतं. बाईंनी लगेच लिहायला घेतलं. भाऊंनी गुपचूप चहा केला, पहिला कप मला.

खोली राहिली. तिथेच बसून हे लिहितेय.

वाचणाऱ्याला एवढंच सांगते, कुठल्या पुस्तकाचा दाखला द्याल तर आधी ते पान स्वतः उघडून बघा.