न उघडलेला कल्ला

लालबागच्या बाजारातली ती जप्ती अजून माझ्या मनातून गेलेली नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस होते. हरताळामुळे बाजार दोन दिवस बंद होता आणि आम्ही सगळे पोलीस बंदोबस्तावर. बाजार उघडला, त्याच्या दुसऱ्या सकाळी करी रोडच्या चाळीतला एक मालवणी गिरणी कामगार ठाण्यात आला. त्याच्या हातातल्या डब्यात बांगड्यांची डोकी होती.

“सायबानू, बायलेच्या पोटात पाणीसुद्धा रवणा नाय. हॉस्पिटलात घातलंय.”

ते बांगडे ज्या कोळणीकडून घेतले होते, ती माझ्या चांगल्या ओळखीची. मी घाटावरच्या लहान गावातला, घराण्यातला पहिला पदवीधर. माशातले मला काही कळत नव्हते. डोक्याजवळचा कल्ला उघडायचा, आत लाल असेल तर मासा ताजा, हे मला आणि माझ्या पत्नीला तिनेच शिकवले होते.

म्युनिसिपालिटीच्या अन्न निरीक्षकाबरोबर आम्ही तिच्या पाटीपाशी गेलो. त्याने ओला कापूस कल्ल्यावरून फिरवला. कापूस लाल झाला; कल्ल्यांना रंग फासलेला होता. पंचांसमोर नमुने लाखेने सील केले, उरलेला माल जप्त केला.

“धक्क्यावरनं आला तसा विकला. मना काय ठावं?” ठाण्यात तासभर तिचे हेच. “मासा बघाया तुला कोनी शिकवलं रं? आता मनाच चोर ठरवतोस?”

शिपाई हसला. मी आवाज चढवला नाही. आजारी पडलेली बाई तिचेच नेहमीचे गिऱ्हाईक आहे, तेवढे सांगितले.

तिचा चेहरा उतरला. “तिनं कल्ला नाय उघडला?”

“मावशी, तुमच्याकडचा मासा ती कधी उघडून बघते का?”

मग रंगाची पुडी कुठे ठेवली आहे, ते तिने स्वतःच सांगितले.

“हरताळात बर्फ वितळला. परक्या गिऱ्हाइकांसाठी रंगवला व्हता. ती कामावरनं उशिरा आली, चांगला उरला नव्हता. तिला रिकामी कशी धाडू?”

ती बाई चौथ्या दिवशी हॉस्पिटलात वारली. कोळणीने कोर्टात गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. बाजारातली तिची आईपासूनची जागा गेली.

नोकरीत मी पुष्कळ लबाड माणसे पाहिली. पण रंग लागतो तो तपासून घेणाऱ्यासाठी. विश्वासाने घेणारा रंगाशिवायही फसतो, हे मला या प्रकरणाने शिकवले.

सुटल्यावर ती बाजाराबाहेर कोथिंबीर विकू लागली. एकदा मी जुडी उचलून तशीच पिशवीत टाकली. तिने ती परत घेतली, दोरा सोडला, आतल्या पिवळ्या काड्या काढून टाकल्या.

“उघडून बघत जा रं,” ती म्हणाली.