राखणीचं काळीज

भागोजीकाका म्हणजे आमच्या वाडीचे बोकड सोलणारे. दरवर्षी राखणीला वाडीच्या राखणदार देवाला बोकड दिला की सुरी त्यांचीच. काळजावर पांढरे पाण्याचे फोड दिसले तर ते देवाला चालत नाही. काका ते आपल्या कुत्र्याला, वाघ्याला टाकत. वीस वर्षांची रीत. वाघ्याच्या आधी वाघ्याचा बाप खायचा.

चौऱ्याऐंशी साली काकांची पाठ धरली, मग पाय बधिर झाले. रत्नागिरीतल्या एका डॉक्टरने एक्सरे उजेडाला धरला, "हाडाचा क्षय" म्हटलं आणि आठ महिने इंजेक्शनं टोचली. पाय हलेनात. काका खाटेवर, आता हे पळून जात नाहीत म्हटल्यावर सल्ला देणाऱ्यांना ऊत आला.

काकांची म्हातारी आते हौसा दारातूनच सुरू. "मेल्या भागोज्या, राखणदार कोपलाय! येक बोकड जास्तीचा दे."

"सोलणार कोण? मी उताणा पडलोय."

"पडल्या पडल्या सांग. तोंड नाय ना बधिर झाला तुजा?"

बोकड आला. काकांनी खाटेवरून सांगितलं, मुलाने, शिवाने, सोलला. काळजावर फोड. वाघ्याने ते फस्त केलं, येऊन काकांचा हात चाटला. मग पाय चाटले. ते काकांना कळलंच नाही.

शेवटी शिवा त्यांना मुंबईला घेऊन गेला. तिथे पाठीत औषध घालून फोटो काढले. डॉक्टर एकेक शब्द चावून बोलले, "क्षय नाही. मणक्यात पाण्याचे फोड आहेत. कुत्र्याच्या पोटातल्या किड्याची अंडी तुमच्या पोटात गेली, त्याचे. कुत्रा कच्चं काळीज खातो?"



शिवा म्हणाला, "वर्षाला येक. यंदा दोन."

ऑपरेशनात एकही फोड फुटायला नको होता. एक फुटलाच, आतलं पाणी पसरलं. म्हणून महिनोन् महिने गोळ्या, आणि वर "पुन्हा होणार नाही असं सांगता येत नाही." काका काठीवर परतले. वाघ्यालाही जंताचं औषध पाजलं.

पुढच्या राखणीला काळजावर पुन्हा फोड. काका म्हणाले, "जमिनीत पुरा."

"रीत मोडतोस?" हौसा कडाडली.

"आते, डाक्टरानी रीतच कापून काढली माज्या पाठीतून."

पण जमीन जांभ्या दगडाची. कुदळ वीतभर गेली आणि खणकन थांबली. काळीज तेवढ्याच खड्ड्यात पुरलं. वाघ्या उकरायला तयारच. तेव्हा काका त्या मातीवरच बसले. काठी लांब पडली. हात देणारे सगळे जेवणाच्या पंगतीला गेले.

वाघ्या समोर ठाण मांडून बसला.

"बघतोस काय?" काका म्हणाले. "उठता येत नाय म्हणून तू जितलास असा समजू नको."