चारशे घरांतली मुलं

नीलिमा खांबेटेच्या आकड्यांवर ऑफिसात कुणी शंका घेत नसे. पुण्याची मुलगी, लग्न करून सिंगापूरला आली आणि एका बिल्डर कंपनीत टिकली. नव्या प्रकल्पांचे अंदाज बांधणं हे तिचं काम.

२००६ साली कंपनीनं कॅलिफोर्नियातल्या एका गावालगत चारशे घरं बांधायला घेतली. तिथला नियम सरळ होता. नवी घरं आली की मुलं येणार, मुलांना शाळा लागणार. तेव्हा सरकारी शाळेच्या नव्या इमारतीचा वाटा बिल्डरनं उचलायचा. वाटा किती, हे किती मुलं येतील यावर ठरणार. कंपनीच्या वतीनं तो अंदाज नीलिमानं केला: पाच घरांमागे एक मूल. म्हणजे ऐंशी.

प्रकल्पप्रमुख प्रताप साळवी खूश झाले. मूळचे मुंबईचे, आता सिंगापूरचे नागरिक. त्यांनी कागद तिकडच्या शाळा-मंडळाला धाडला आणि खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांवर, सगळ्यांना कोपी, म्हणजे तिथली कॉफी, पाजली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी नीलिमा लेकीला, चैत्रालीला, स्कूलबसवर सोडायला चोआ चू कांग भागातल्या आपल्या ब्लॉकखाली उभी होती. समोरच शाळा होती, पण आजूबाजूला नवे ब्लॉक इतके उठले होते, की प्रवेशाच्या सोडतीत चैत्रालीचं नाव आलंच नाही. रोज पाऊण तास बस.

"आई, लुक, सगळे आपल्याच फ्लोअरचे लाह," चैत्राली तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

नीलिमानं पाहिलं. मजल्यावर आठ घरं आणि समोर सहा दप्तरं. ऐंशीचा आकडा तिनं सिंगापूर शहरातल्या कॉन्डोंवरून, म्हणजे खासगी फ्लॅटांवरून, काढला होता; तिथं भाड्यानं राहणारे एकटेदुकटे बँकवाले. कॅलिफोर्नियातली घरं चार-चार खोल्यांची, अंगणं असलेली. तिथं एकटं कोण जाऊन राहणार?

ऑफिसात पोचताच तिनं तिकडच्या तशाच घरांचे आकडे काढून पुन्हा हिशेब केला आणि प्रतापांचं दार ठोठावलं.

"प्रताप, तो अंदाज चुकलाय. माझ्याकडूनच चुकलाय."

"कितीनं?"

"ऐंशी नाही, दोनशे चाळीस मुलं येतील."

प्रताप खुर्चीत मागे रेलले. "अगं, कागद गेलाय. मंडळ मान्य करायच्या बेतात आहे. त्यांना चूक दिसली नाही, तर आपण होऊन कशाला सांगायची?"

"त्यांना दिसली नाही म्हणून मुलं कमी येणार आहेत का?"

"वरच्यांसमोर तू मला तोंडघशी पाडतेयस, नीलिमा."

"नाव माझं घाला. लिहा, हिनं चुकीची घरं धरली."

प्रतापांची दोन्ही मुलं बिशान भागातल्या घरातून चालत शाळेत जाऊन शिकली होती. त्यांनी अंदाजाची प्रत पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "दोन दिवस दे."

घरी रवींद्रनं, तिच्या नवऱ्यानं, एवढंच विचारलं, "नोकरी गेली तर?"

"दुसरी शोधीन."

तिसऱ्या दिवशी दुरुस्तीचं पत्र गेलं. खाली तिची सही होती, आणि तिच्या शेजारी प्रतापांचीही. त्यांना कुणी सही मागितली नव्हती. शाळेचा वाटा तिप्पट झाला. नोकरी राहिली, पण नीलिमाला परदेशी प्रकल्पांतून काढून कॉन्डोंच्या देखभालीची बिलं तपासायला बसवलं. पहिल्या दिवशी घरी येताना एमआरटीत, मेट्रोच्या गर्दीत, ती तोंड वळवून रडली. वर्षभरात प्रताप कंपनी सोडून गेले. जाताना निरोपही नाही, हे तिला फार लागलं.

मग मंदी आली. चारशेपैकी निम्मी घरं उभी राहिली, बाकीचं काम थांबलं.

२००९ च्या एका रविवारी पुलाउ उबीन बेटाकडे जाणाऱ्या बोटीत समोर प्रताप बसलेले. दोघंही जरा अवघडली. शेवटी तेच म्हणाले, "कॅलिफोर्नियातली ती शाळा उघडली गं."

"किती वर्ग?"

"बारा ठरले होते. घरंच निम्मी, म्हणून सहा बांधले."

"बाकीची घरं झाली की अजून सहा लागतील."

"मागतील ते. तुझा कागद आहे त्यांच्याकडे," प्रताप म्हणाले आणि बाकावर सरकून त्यांनी तिला शेजारी जागा करून दिली.